क्लेमेंटे पंधरा, गिब्सन एक: पिट्सबर्गच्या कार्डांची तिमाही नोंद

मागच्या नोंदीत पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचे खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे यांची १३ कार्डे जमल्याचे लिहिले होते. या तीन महिन्यांत त्यांत २ कार्डांची भर पडली, एक कार्ड परत करावे लागले, आणि वर्षभर नुसत्या रेखाटनांच्या अवस्थेत अडकून राहिलेले, मी स्वतः बनवत असलेले जॉश गिब्सन यांचे कार्ड अखेर छापून, चिकटवून आणि कापून तयार झाले. नोंदीचा मोठा भाग त्या कार्डाविषयीच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडे आधी सांगतो. मी पिट्सबर्गमध्ये राहतो आणि माझा संग्रह या एका शहरापुरता ठेवला आहे. जुन्या बेसबॉल कार्डांच्या विश्वाला अंत नाही, आणि त्यातील शिखरे तर आपल्या आवाक्याबाहेरचीच आहेत. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेले होनस वॅगनर यांचे कार्ड २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकले गेले आणि त्याच वर्षी टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९५२ च्या संचातील मिकी मँटल यांच्या एका कार्डाला १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. अशा बातम्यांनी छंदाला प्रसिद्धी मिळते. पण कुंपण घालून घेतल्याशिवाय सामान्य संग्राहकाच्या हाताला काही लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या कुंपणात टॉप्स कंपनीने १९५५ पासून १९७३ पर्यंत दरवर्षी काढलेले क्लेमेंटे यांचे मुख्य कार्ड, म्हणजे एकूण १९ कार्डे, येतात.

या वेळचे पहिले लक्ष्य १९५७ चे ७६ क्रमांकाचे कार्ड होते. टॉप्सने त्या वर्षी कार्डाचा आकार कमी करून अडीच इंच बाय साडेतीन इंच केला आणि पुढे तोच आकार सगळ्यांनी स्वीकारला, त्यामुळे या संचाला स्वतःचे महत्त्व आहे. एका विक्रेत्याकडून टपालाने आलेले कार्ड पाहताक्षणी मन हरखून गेले, कारण चारही कोपरे सुईसारखे टोकदार होते. अडुसष्ट वर्षांच्या कार्डाचे कोपरे इतके टोकदार असले की आनंदाआधी मोजपट्टी काढावी, हा धडा अनुभवी मंडळींनी मला पूर्वीच दिला होता. डिजिटल कॅलिपरवर उंची ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर भरली. रुंदी मात्र ६३.५ ऐवजी ६२.७ निघाली. मग त्याच संचातील एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूचे स्वस्त कार्ड शेजारी ठेवून भिंगाखाली दोघांच्या कडा पाहिल्या. स्वस्त कार्डाच्या कडेचे तंतू मळकट आणि किंचित फुललेले होते, तर क्लेमेंटेंच्या उजव्या कडेचा पुठ्ठा आतून नुकताच उघडा पडल्यासारखा पांढरा होता आणि ती कड मधोमध केसभर आत वळलेली होती. कोणीतरी, केव्हातरी, झिजलेली बाजू कातरून कार्ड नवे भासवले होते. विक्रेत्याला मोजमापे आणि छायाचित्रे पाठवल्यावर त्याने कार्ड परत घेतले.

त्याच्या जागी आता जे कार्ड संग्रहात आले आहे त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला घडी आहे, खालच्या दोन कोपऱ्यांना गोलाई आली आहे आणि मागच्या बाजूला पेन्सिलीची पुसट रेघ आहे. ते एखाद्या मुलाच्या खिशात राहिलेले कार्ड आहे. घडी पडलेले खरे कार्ड मी कातरलेल्या देखण्या कार्डापेक्षा केव्हाही वरचे मानतो, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला माझा आग्रह राहील की पहिली खरेदी करण्याआधी त्याच संचातील एक स्वस्त कार्ड तुलनेसाठी घ्यावे. कार्ड तपासून दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपनीचे सीलबंद कवच सर्वांना परवडत नाही. कॅलिपर आणि दहापट भिंग सहज परवडते.

या कार्डावर नाव मात्र ‘बॉब क्लेमेंटे’ असे छापलेले आहे. १९५५ आणि १९५६ च्या कार्डांवर ‘रोबेर्तो’ होते, १९५७ पासून १९६९ पर्यंतच्या तेराही कार्डांवर ते ‘बॉब’ झाले आणि १९७० मध्ये पुन्हा ‘रोबेर्तो’ आले. पोर्तो रिकोहून आलेल्या या खेळाडूला स्वतःचे खरे नावच हवे असे आणि तसे ते सांगतही असत. तरी अमेरिकी कानांना सोपे जावे म्हणून वृत्तपत्रांनी आणि कार्डांनी वर्षानुवर्षे ते बदलून वापरले. ही १९ कार्डे ओळीने मांडली की त्यांच्या कारकिर्दीबरोबर त्यांच्या नावाचाही प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यांनी ३,००० वा हिट (चेंडू टोलावून बेस गाठणारा फटका) नोंदवला आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्यांचे विमान समुद्रात कोसळले. १९७३ चे ५० क्रमांकाचे कार्ड बाजारात आले तेव्हा ते हयात नव्हते.

मला एका स्नेह्याने सुचवले होते की १९५७ च्याच धर्तीवर ‘रोबेर्तो’ नाव घालून एक दुरुस्त कार्ड बनवावे. मी त्यावर बराच विचार केला आणि ते करायचे नाही असे ठरवले. चुकीचे नाव हाही त्या काळाचा पुरावाच आहे आणि तो झाकण्यासाठी नवे कार्ड बनवणे मला पटत नाही. स्वतः घडवलेल्या कार्डाची जागा तिथेच आहे, जिथे मुळात कार्डच निघाले नाही.

दुसरी भर १९७१ च्या ६३० क्रमांकाच्या कार्डाची. या संचाच्या कडा काळ्या असल्याने जरासा धक्का लागला तरी पांढरा पुठ्ठा डोकावतो, आणि काही जण तो काळ्या मार्करने झाकतात. दिव्याखाली तिरके धरल्यावर मार्करची शाई वेगळी चमकते. माझ्या कार्डाच्या कडेवर ठिपके भरपूर आहेत, मार्कर कुठेही नाही. आता १९५५, १९५६, १९६० आणि १९६३ ही चार राहिली. १९५५ चे १६४ क्रमांकाचे पहिलेवहिले कार्ड आणि १९६३ चे ५४० क्रमांकाचे कार्ड दोन्ही आपापल्या संचाच्या शेवटच्या टप्प्यातील आहेत. हंगाम संपत आला की मुलांचे लक्ष फुटबॉलकडे वळत असे आणि उशिरा निघालेली कार्डे कमी खपत, म्हणून ती आज अधिक दुर्मीळ आहेत. त्यांच्यासाठी घाई करणार नाही.

आता गिब्सन यांच्याविषयी. जॉश गिब्सन यांचा जन्म १९११ मध्ये जॉर्जिया राज्यातील ब्यूना व्हिस्टा येथे झाला. वडिलांना पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात काम मिळाल्यामुळे कुटुंब इकडे आले. ते कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारे खेळाडू होते. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या दोन्ही कृष्णवर्णीय संघांचे सर्वांत भेदक फलंदाज होते. आणि जानेवारी १९४७ मध्ये, जॅकी रॉबिन्सन वर्णभेदाची भिंत मोडून मुख्य (मेजर) लीगमध्ये उतरण्याच्या तीन महिने आधी, वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मेजर लीग बेसबॉलने २०२४ मध्ये नीग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांचे आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट केले, तेव्हा गिब्सन यांची ०.३७२ ही फलंदाजीची सरासरी टाय कॉब यांच्या ०.३६७ ला मागे टाकून सर्वकालीन यादीत पहिली आली. पण ते खेळत असताना अमेरिकेतील गमच्या पाकिटांतून कार्डे देणाऱ्या एकाही च्युइंग गम कंपनीने त्यांचे कार्ड काढले नाही. बोस्टनच्या गाउडी गम कंपनीने १९३३ मध्ये २४० कार्डांचा देखणा संच काढला, त्यात एकट्या बेब रूथ यांची चार कार्डे आहेत आणि आमच्या पायरेट्स संघाचे पाय (Pie) ट्रेनर व वॉनर बंधूही आहेत. त्याच वर्षी याच शहरात, हिल डिस्ट्रिक्टमधील बेडफर्ड अव्हेन्यूवरच्या ग्रीनली फील्डवर गिब्सन खेळत होते. म्हणून माझे कार्ड १९३३ च्या गाउडीच्या धर्तीवर, क्रॉफर्ड्सच्या वेशात, आणि क्रमांक २४१.

चित्र मी मूळ आकाराच्या चौपट, म्हणजे सुमारे २४ बाय २९ सेंटिमीटर कागदावर अपारदर्शक जलरंगांत केले. एकाच छायाचित्राची नक्कल टाळण्यासाठी शर्टावरची अक्षरे सांघिक छायाचित्रांवरून, चेहरा दुसऱ्या तीन छायाचित्रांवरून आणि उभे राहण्याची ढब स्वतः बांधून घेतली. पहिले चित्र मला फार आवडले होते. पण ते लहान करून पाहिल्यावर टोपीच्या सावलीत चेहरा नुसता काळोखा गोळा झाला. मोठ्या कागदावर मोहक दिसणारे छटांचे बारकावे सहा सेंटिमीटर रुंदीत टिकत नाहीत. दुसऱ्या चित्रात चेहऱ्याला तीनच छटा ठेवल्या, गालाचे हाड मुद्दाम उजळ केले आणि डोळ्यांच्या कडा व ओठांची रेघ स्वतंत्र गडद रेषेने काढली.

छपाईसाठी शहरातील एका सामुदायिक कार्यशाळेतील रिसोग्राफ यंत्र निवडले. यात प्रत्येक रंगाची शाई वेगळ्या ड्रममधून येते आणि रंगांचे थर कागदावर एकावर एक बसतात, त्यामुळे जुन्या छपाईचा पोत बराचसा मिळतो. खरी परीक्षा त्वचेच्या रंगाची होती. पिवळा, लाल आणि निळा मिळून तपकिरी रंग तयार होतो. पण कागद अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी गालाच्या कडेने निळी किनार उमटते, आणि पहिल्या ३० प्रतींपैकी जवळजवळ सगळ्यांवर ती उमटली. मूळ गाउडी कार्डांवरही रंग सरकलेले आढळतात, तेव्हा ‘जुन्यासारखे दिसते’ म्हणून ते चालवून घेता आले असते. मला मात्र गिब्सन यांच्या चेहऱ्यावर तो दोष नको होता. त्यामुळे चेहऱ्यातील निळा थर पूर्णपणे काढला, सावलीचे सगळे काम काळ्या थरावर सोपवले, आणि उजळ भागासाठी फक्त पिवळा व लाल ठेवला. आता कागद थोडा सरकला तरी चेहरा शाबूत राहतो. पार्श्वभूमी आधी सपाट लाल ठेवली होती, पण ओल्या शाईवरून यंत्राची रुळे फिरल्याने मधोमध पट्टे उमटत होते. पिवळ्या रंगात ते जवळजवळ दिसत नाहीत, म्हणून पिवळी पार्श्वभूमी कायम केली. खालच्या लाल पट्टीत मूळ कार्डांवर कंपनीच्या च्युइंग गमची जाहिरात असते. तिथे मी ‘पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स’ घेतले आहे.

मागचा मजकूर मूळ संचासारखा हिरव्या शाईत आहे. तो लिहिताना मी स्वतःला १९३३ च्या वसंत ऋतूपर्यंतच्याच माहितीचे बंधन घातले: वय २१, १९३० मध्ये ग्रेजकडून सुरुवात, १९३२ पासून क्रॉफर्ड्समध्ये. पुढची कीर्ती, २०२४ चे आकडे, यांतले काहीही त्यात नाही, कारण त्या वेळी एखाद्या मुलाने कार्ड उलटून वाचले असते तर त्याला एवढेच कळले असते.

रिसोग्राफमधून जाड पुठ्ठा जात नाही, म्हणून पुढची व मागची बाजू वेगवेगळ्या कागदांवर छापून करड्या पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांना चिकटवावी लागते. बाजारातल्या पांढऱ्या गोंदाने कार्ड धनुष्यासारखे वाकले. शेवटी दिवाळीत आकाशकंदिलासाठी आई करायची तशी मैद्याची खळ शिजवली, गाळून घेतली, दोन्ही कागद एकाच वेळी ओले असताना लावले आणि दोन दिवस जड पुस्तकांखाली दाबून ठेवले. दोन्ही बाजूंना ओढ सारखी बसल्याने कार्ड सपाट राहते. एकूण २४ प्रती चिकटवल्या. कापताना ६ बिघडल्या, कारण पाते बोथट झाले की वरचा कागद कापण्याऐवजी फाटतो. दर चार कार्डांनंतर पाते बदलावे.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. या कार्डांना चहाचे डाग दिलेले नाहीत, कोपरे घासलेले नाहीत, आणि मागच्या मजकुरातच, त्याच हिरव्या शाईत, ‘२०२५ मध्ये हाताने बनवलेले’ असे छापले आहे, जेणेकरून ती ओळ खोडायची तर सगळा मजकूरच खरवडावा लागेल. कागदही मुद्दाम आजचा, चकाकी देणारी द्रव्ये असलेला घेतला. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली माझे झिजलेले १९३३ चे पाय ट्रेनर काळवंडलेलेच राहतात आणि शेजारचे गिब्सन निळसर उजळतात, त्यामुळे चाळीस वर्षांनी हे कार्ड कोणाच्याही हाती पडले तरी फसगत होणार नाही. जेफर्सन बर्डिक यांनी आयुष्यभर जमवलेली कार्डे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली आणि तिथे बसून वर्षानुवर्षे ती स्वतः आल्बममध्ये लावली. त्यांच्या १९६३ मधील निधनानंतरही आपण सारे त्यांनीच केलेल्या जुन्या कार्डांच्या वर्गीकरणावर चालतो. इतकी निगा राखून उभ्या केलेल्या नोंदीत खोटे कार्ड मिसळणे मला अक्षम्य वाटते.

१८ चांगल्या प्रतींपैकी एक माझ्या आल्बमच्या पानात ट्रेनर यांच्या उजवीकडच्या कप्प्यात आहे, आणि बाकीच्या इथल्या संग्राहक मित्रांना देईन. विकणार एकही नाही. २४२ क्रमांकासाठी क्रॉफर्ड्सचे खेळाडू-व्यवस्थापक ऑस्कर चार्ल्सटन यांची रेखाटने सुरू केली आहेत. ते डावखुरे होते, तेव्हा त्यांना फलंदाजीच्या पवित्र्यात घ्यायचे की मैदानात चेंडू फेकताना, हे अजून ठरत नाही. फेकण्याच्या ढबीत हात खूप लांब पसरतो आणि उभ्या चौकटीत चेहरा फारच लहान होतो. दोन्ही रेखाटने पुढच्या नोंदीपर्यंत रंगवून पाहीन.