वारसाई झाली, वाटणी नाही

बडोद्याचा मराठी माणूस घरात 'वारसा' म्हणतो, पण तलाठ्यासमोर उभा राहिला की 'वारसाई करायचीय' असंच बोलतो. त्याच्या पुण्याच्या चुलतभावाला हेच काम 'वारस नोंद' म्हणून ठाऊक असतं आणि इंदूरच्या मावसभावाला 'फौती नामांतरण' म्हणून. फौत म्हणजे मयत. म्हणजे इंदूरची कचेरी गेलेल्यावरून नाव ठेवते आणि बडोद्याची राहिलेल्यांवरून.

वारस हा शब्द अरबी 'वारिस'वरून आला. त्याच धातूतून 'मीरास' निघाला आणि मराठेशाहीत मिरासदार झाला. मिरासदाराची जमीन बापाकडून मुलाकडे जाई, उपऱ्याची तशी जात नसे. 'बेवारस'ही याच घरातला.

वारशाचे संस्कृतातले शब्द जास्त विचारात पाडणारे आहेत. 'रिक्थ' हा रिच् धातूवरून येतो, म्हणजे मागे सोडलेलं. 'रिक्त' त्याचा सख्खा भाऊ. 'दाय' मात्र दा, म्हणजे देणे, यावरून. इथे जीमूतवाहनाने 'दायभाग' या आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात नेमकी अडचण काढली: मेलेला माणूस देणार कसा? त्याचं उत्तर असं की 'देणे' इथे गौण अर्थाने घ्यायचं. एकाचं स्वामित्व संपतं आणि दुसऱ्याचं उपजतं, फळ दानासारखंच, पण त्याग कुणी केलेला नसतो. 'मिताक्षरा' या ग्रंथात विज्ञानेश्वराने देण्याची भाषाच टाळली. मालकाशी असलेल्या नात्यामुळेच जे धन दुसऱ्याचं होतं, तो दाय. आजही कायद्याला नातंच लागतं. म्हणूनच कचेरी सर्वांत आधी पेढीनामा, म्हणजे वंशावळ, मागते.

सगळ्यात जास्त घोळ 'वडिलोपार्जित' या शब्दाने होतो. शब्द सांगतो वडिलांनी कमावलेलं. कायद्यात तसं नाही. वडिलांनी पगारातून घेतलेला बडोद्यातल्या मांजलपूरचा फ्लॅट मृत्युपत्र नसताना मुलाला मिळाला, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे तो मुलाच्या हाती स्वतंत्र मिळकत ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 1986 च्या चंदर सेन खटल्यात हेच सांगितलं. त्यात नातवाचा जन्मसिद्ध हिस्सा नसतो. 'आजोबांचं आहे, माझाही हक्क' म्हणून वकिलाकडे जाणाऱ्याने आधी आजोबांनी ते मिळवलं कसं आणि पुढे ते आलं कसं, हे पाहावं.

आता कचेरीचं काम. शेतजमीन असेल तर मृत्यूचा दाखला, 7/12 आणि 8-अ चे उतारे, पेढीनामा आणि सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, घेऊन मामलेदार कचेरीतल्या ई-धरा केंद्रात, म्हणजे जमिनीच्या संगणकीय नोंदींच्या केंद्रात, अर्ज द्यायचा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावं, असं गुजरातच्या जमीन महसूल कायद्याचं कलम 135-क म्हणतं. कच्ची नोंद पडते, मग हितसंबंधितांना 135-ड ची नोटीस जाते. 30 दिवसांत हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होऊन गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे हक्कपत्रकात, पक्की होते. हरकत आली तर ती तकरारी नोंद, आणि मग तारखा. शहरातल्या घरासाठी सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर नाव चढवावं लागतं. महापालिकेच्या वेऱ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, बिलावर नाव आलं म्हणजे काम झालं असं नाही, तो कर कुणी भरायचा एवढाच कागद.

पेढीनाम्यात हमखास गळते ती आजी. मुलगा गेला, मागे बायको, दोन मुलं आणि आई. मृत्युपत्र नसेल तर कायद्याने ज्यांना आधी मिळतं ते पहिल्या वर्गाचे वारस चार, प्रत्येकाचा पाव हिस्सा. वडील हयात असले तरी ते पहिल्या वर्गात येत नाहीत, आई येते. तिला वगळून नोंद केली आणि पुढे तीही गेली, की तिच्या पाव हिश्श्यावर तिची बाकीची मुलं, म्हणजे काका आणि आत्या, हक्क सांगतात. मग सगळं उसवायचं. लग्न झालेल्या मुलीला वगळण्याचंही तेच.

दुसरी अडचण खास आपल्या गावची. जुन्या दस्तात 'गणपतराव', दाखल्यावर 'गणपतभाई'. एका कागदावर 'सुमनबाई', दुसऱ्यावर 'सुमनबेन'. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असा सोगंदनामा अर्जासोबतच जोडावा. नोंद नामंजूर झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

वारसाईने मालकी निर्माण होत नाही. महसुली दप्तरात नावं चढतात, तीही सगळ्यांची एकत्र. 'वरचा मजला माझा, खालचा तुझा' हे ठरवायला वाटणी लागते, आणि कुणाला आपला वाटा सोडायचा असेल तर हक्क सोडल्याचा दस्त. बहिणीने राखीपौर्णिमेला तोंडी सोडलेला हक्क कागदावर जागच्या जागीच असतो. साध्या स्टॅम्पपेपरवर सही घेऊन नोटरी केली तरी तो हलत नाही. स्थावराचा हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्त हवा. त्यात मिळकतीचं वर्णन, सोडणाऱ्याचा हिस्सा किती आणि तो कुणाच्या लाभात सोडला, हे तिन्ही लिहावं. कुणाच्या लाभात हे मोघम राहिलं, तर दोन भावांत पुन्हा तोच तंटा.