नाताळनंतरची तीस पानं

२५ डिसेंबरचं मटण निभावतं, कारण त्या दिवशी सगळ्यांचेच हात चालू असतात. पंचाईत होते ती २६ पासून. पुण्या-मुंबईची माणसं अजून दोन दिवस राहणार असतात, तांबडा-पांढरा रस्सा पुन्हा कुणाला नको असतो आणि करणाऱ्यांची पाठ मोडलेली असते. आमच्याकडे २२ मोठे आणि ८ लहान अशी ३० पानं धरून मी हे दोन दिवस बसवलेत: २६ ला दुपारी सुक्क्या मटणाचा भात, रात्री मऊ खिचडी, २७ ला सकाळी मिसळ, रात्री आख्खा मसूर.

वाटण मात्र नाताळच्या दोन दिवस आधी, एकदाच. कांदा २ किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, लसूण ३०० ग्रॅम, आलं १५० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, कोथिंबिरीच्या दोन जुड्या. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. खोबरं आणि कांदा एकत्र टाकले की कांद्याला पाणी सुटतं, खोबरं खमंग होतच नाही. कांदा तांबूस होईपर्यंत परतायचा. अर्धकच्चा राहिला तर वाटण दुसऱ्या दिवशी उग्र वास मारतं. मिक्सरचं भांडं अर्धंच भरायचं. सलग फिरवलं की मोटर तापून बंद पडते. अशा वेळी मिक्सर जळला म्हणून दुकान गाठायची गरज नाही, पंधरा मिनिटं थांबून खालचं लाल बटण दाबलं की बहुतेक वेळा चालू होतो. हे साधारण दोन किलो होतं. पाणी अगदी कमी घालून, पिशव्यांत चपटं करून फ्रीजरमध्ये: भाताला ३०० ग्रॅम, मिसळीला ७००, मसुराला उरलेलं सगळं.

२५ च्या रात्री झोपण्याआधी दोन कामं. पहिलं, उरलेलं मटण. सुक्कं परातीत पसरून निववायचं आणि छोट्या डब्यांतून फ्रीजमध्ये टाकायचं. मोठं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं तर आतलं मटण तासन्‌तास कोमट राहतं आणि थंडीतही सकाळी आंबूस होतं. अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, नारळाचं दूध घालायच्या आधीच बाजूला काढून ठेवावं. तयार पांढरा रस्सा उरवण्यात अर्थ नाही; दूध नासतं, आणि पुन्हा खळखळून उकळलं की फाटतं.

दुसरं काम मटकी. दीड किलो मटकी कोमट पाण्यात भिजत घालायची. २६ च्या सकाळी पाणी पूर्ण निथळून, ओल्या पण घट्ट पिळलेल्या कापडात सैल बांधून शेगडीशेजारी ठेवायची. उन्हाळ्यात बारा-चौदा तासांत मोड येतात, डिसेंबरच्या थंडीत चोवीस तास धरावेत. मोड येईनात म्हणून लोक कापडावर पाणी शिंपडत बसतात आणि मटकी बुळबुळीत होते. तिला पाणी नको असतं, ऊब आणि हवा हवी असते. तीनेक किलोच्या वर मोड आलेली मटकी मिळते.

सुक्क्याच्या भाताला अडीच किलो तांदूळ आणि दोन किलो सुक्कं. लांब दाण्याचा तांदूळ घ्या. आजऱ्याचा घनसाळ वासाला उत्तम, पण दाणा बारीक, वीस लिटरच्या पातेल्यात त्याचा गोळा होतो. तो रात्रीच्या खिचडीला. पाणी घरच्यासारखं दुप्पट घालू नका. मोठ्या पातेल्यात वाफ कमी उडते, त्यामुळं एकाला दीड-पावणेदोन पुरे, आणि त्यातच अळणी पाणी मोजायचं. वाटण परतून, पाणी आणि तांदूळ घालून, पाणी वरून दिसेनासं झालं की सुक्कं मिसळायचं, पातेल्याखाली जाड तवा सारायचा आणि वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. सुक्क्यात मीठ असतंच, म्हणून भाताचं मीठ निम्मं.

खिचडीला दीड किलो घनसाळ, पाऊण किलो मूगडाळ आणि १२ लिटर पाणी. सोबत ताक, पापड. वाढेपर्यंत ती घट्ट होतच जाते, म्हणून दोन लिटर गरम पाणी हाताशी. खाली लागली तर खरवडू नका, वरची अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा. बाकी तिला काही करावं लागत नाही, आणि दोन दिवस मटण, केक, करंज्या खाल्लेल्या माणसांना तीच सगळ्यांत आवडते.

आता मिसळ. मटकी आणि कट, म्हणजे मिसळीचा झणझणीत रस्सा, वेगवेगळे शिजवायचे. मटकी हळद-मीठ घालून उघड्या पातेल्यात बारा-पंधरा मिनिटं. कुकरला लावली की लगदा. लहान मुलांची वाटी इथंच काढून घ्यायची. कटाला अर्धा लिटर तेल आणि वाटण. वाटणाला कडेनं तेल सुटलं की गॅस अगदी बारीक करून चटणी घालायची. चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण चटणी, लाल मिरचीचा तिखट मसाला, १५० ग्रॅम. मोठ्या आचेवर ती काही सेकंदांत काळी पडते, कट कडू होतो आणि गूळ घालूनही तो सुधारत नाही. मग ८ लिटर पाणी, पण उकळतं. गार पाणी ओतलं की तर्री, म्हणजे वरचा तेलाचा तवंग, धरत नाही. हे पाणी आधीच दुसरीकडे चढवून ठेवावं: घरच्या शेगडीवर एवढ्या पाण्याला पाऊण तास लागतो. भांडी भाड्यानं देणाऱ्याकडून मोठी भट्टी आणली तर हा वेळ वाचतो, फक्त ती अंगणात लावायची, घरात नाही. कट वीस मिनिटं मंद उकळला की लाल तवंग वर येतो. चवीला आणखी चटणी लागली तर थोड्या तेलात फुलवून वरून घाला, कोरडी टाकू नका.

फरसाण दोन किलो, कांदा दीड किलो, लिंबं १५, ब्रेडच्या सव्वाशे स्लाइस. नाताळच्या फराळातला चिवडा संपवायचा मोह होतो, पण त्यातली साखर कटात उतरते. शेव-चकली चुरून घातली तर चालते.

रात्रीच्या मसुराला २ किलो आख्खा मसूर, दोन तास भिजवून. टोमॅटो मसूर मऊ झाल्यावरच घाला. आंबटपणात डाळ शिजायची थांबते आणि तासभर गॅस जळतो. शेवटी वाटण-चटणीची फोडणी आणि गुळाचा एक खडा. डिसेंबरात गुऱ्हाळं चालू असतात, ताजी काकवी मिळाली तर भाकरीसोबत मुलांना तीच द्या.

साठ भाकरी घरी थापायच्या नाहीत. चार किलो पीठ आणि दोन तव्यांवर तीन तास जातात. एक दिवस आधी भाकरी करून देणाऱ्या बाईंना सांगा आणि जेवणाच्या अर्धा तास आधीची वेळ द्या. आल्यावर कापडात गुंडाळून दुरडीत ठेवा. स्टीलच्या डब्यात वाफ धरते आणि तळच्या दहा भाकरी चिकट होतात.