काउंट्स आले, पोट मागे राहिलं

स्टेम सेल ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात रोज सकाळी एकाच आकड्याची वाट पाहिली जाते, न्यूट्रोफिल्स, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, किती झाल्या? सलग तीन दिवस त्या ५०० च्या वर राहिल्या की डोनरच्या पेशी रुजल्या असं धरतात. माझ्या धाकट्या भावाच्या स्टेम सेल्स, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, माझ्या शरीरात रुजल्या त्या दिवशी घरच्यांना केवढा धीर आला! पण त्यानंतर कितीतरी आठवडे मला अन्न जात नव्हतं, जुलाब थांबत नव्हते आणि वजन उतरतच होतं. रक्त सावरलं होतं, आतडं नाही. ट्रान्सप्लांटला निघालेल्या प्रत्येकाला ही दुसरी बाजू आधीच माहीत असावी असं मला फार वाटतं.

रक्ताच्या कॅन्सरसाठी ट्रान्सप्लांटच्या आधी जी जबर किमो देतात, ती हाडांतली मज्जा रिकामी करतेच, पण तोंडापासून खालपर्यंतचं अस्तरही सोलून काढते. या अस्तराच्या पेशी भराभर बदलणाऱ्या, म्हणून किमोचा मार त्यांना जास्त बसतो. तोंड इतकं आलं होतं की थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. जुलाब झाले की सिस्टर प्रत्येक वेळी भांड्यात मोजून लिहून ठेवायच्या. मला भयंकर संकोच वाटायचा. एकदा विचारल्यावर डॉक्टरांनी नीट समजावलं: डोनरच्या पेशी आतड्यावर हल्ला करू लागल्या, म्हणजे आतड्याचा जीव्हीएचडी झाला, तर तो किती तीव्र आहे हे दिवसभरातल्या जुलाबाच्या मापावरूनही ठरतं. मोठ्या माणसात ५०० मिलीच्या पुढे गेलं की त्यांचे कान टवकारतात. त्यानंतर माझा संकोच गेला.

जीवाणूंचा विषय तिथूनच निघाला. अस्तर फाटलं की आतड्यातले जीवाणू आणि त्यांचे अंश आत झिरपतात आणि डोनरच्या टी पेशी, म्हणजे हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशी, त्यांनी चेकाळतात. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना जीव्हीएचडी कमी होतो, हे १९७० च्या दशकातच दिसलं होतं. त्यामुळे पुढे बरीच वर्षं आतडं शक्य तितकं निर्जंतुक करण्यावर भर होता. आता कल उलटा आहे. सगळेच जीवाणू शत्रू नाहीत. काही जीवाणू चोथ्यापासून ब्युटिरेट बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्याच्यावर जगतात. २०२० मध्ये अमेरिका, जर्मनी आणि जपानमधल्या चार केंद्रांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. १,३६२ रुग्णांचे ८,७६७ शौचाचे नमुने त्यात तपासले होते. ज्यांच्या आतड्यात जीवाणूंची विविधता जास्त टिकली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी होतं. एकामुळेच दुसरं घडतं असं यातून सिद्ध होत नाही, हेही डॉक्टरांनी बजावून सांगितलं, आणि ते मला महत्त्वाचं वाटलं.

मग ताप आला. न्यूट्रोफिल्स शून्याजवळ असताना ताप म्हणजे तासाभरात अँटिबायोटिक सुरू, तिथे चर्चा नसते. मला मेरोपेनेम दिलं. ते मिळालं म्हणून मी वाचले, याबद्दल माझ्या मनात कसलाही किंतु नाही. पण अशी औषधं ऑक्सिजनशिवाय जगणारे उपयोगी जीवाणूही मारतात. रान जळाल्यावर आधी तण माजावं, तसा मग एन्टेरोकॉकससारखा एखादाच जीवाणू सगळं आतडं व्यापतो. २०१९ च्या एका संशोधनात असंही दिसलं की एन्टेरोकॉकसला वाढायला दुधातली साखर, लॅक्टोज, लागते. जुलाब चालू असताना मला दूध बंद होतं, ते पचत नव्हतं म्हणून. त्याला हाही एक पदर असेल असं मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

खाण्याची लढाई सर्वांत लांबली. आहारतज्ज्ञ रोज येऊन म्हणायच्या, "दोन चमचे जातील? दोनच घ्या, पण तोंडाने घ्या." शिरेतून पोषण देता येतं, पण आतड्यात काहीच गेलं नाही तर अस्तरही उपाशी आणि जीवाणूही. शक्य असेल तोवर तोंडाने, नाहीतर नाकातल्या नळीने, असा त्यांचा आग्रह होता. मला तो त्या वेळी छळ वाटायचा. आज त्या बाईंचे पाय धरावेसे वाटतात.

मावशीने मायेने प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणल्या होत्या. डॉक्टरांनी ठाम नकार दिला. अस्तर फाटलेलं आणि प्रतिकारशक्ती नाही, अशा वेळी कॅप्सूलमधले जिवंत जीवाणूच रक्तात शिरू शकतात. निरोगी माणसाच्या शौचातले जीवाणू आतड्यात सोडण्याच्या उपचाराबद्दलही मी विचारलं. त्यावर प्रयोग चालू आहेत आणि आशाही आहे, पण २०१९ मध्ये अमेरिकेत अशा नमुन्यातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय दोन रुग्णांच्या रक्तात गेला आणि एक दगावला. तेव्हापासून शौचाचा नमुना देणाऱ्यांच्या तपासण्या आणखी कडक झाल्या. अशा गोष्टी स्वतःच्या मनाने करून पाहू नयेत, एवढं मात्र मी कळकळीने सांगेन.

घरी आल्यावर चोथा हळूहळू वाढवत नेला. आधी मऊ शिजवलेल्या भाज्या, मग सोललेली फळं, डाळी खूप नंतर. एखादा पदार्थ सोसला नाही तर तो मागे घ्यायचा आणि काही दिवसांनी पुन्हा पाहायचं. कच्चं काहीच नको, हा जुना नियम आता तितका कडक राहिलेला नाही. इटलीत केलेल्या आणि २०२३ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत मोकळ्या आहारामुळे संसर्ग वाढलेले दिसले नाहीत. तरी प्रत्येक केंद्राचे नियम वेगळे असतात, मी माझ्या टीमचेच पाळले. जुलाब पुन्हा वाढले तर वाट न पाहता फोन करायचा, कारण ते औषधाने, संसर्गाने की जीव्हीएचडीने, हे घरी बसून कळत नाही.

आता कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं की मी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारते: हे आत्ता लागेलच का, आणि कधी थांबवायचं? गेल्या खेपेला घसा धरला होता, तेव्हा ते म्हणाले, "ताप नाही, काउंट्स चांगले आहेत. उद्या तपासू, तोवर थांबू या." दुसऱ्या दिवशी तपासलं, आणि औषध लागलं नाही.