तुम्ही विचारलंत म्हणून: वापरायची नाहीत तर घेतेस कशाला?

ऑस्लोत माझ्या घरी जेवायला येणारं प्रत्येक मराठी माणूस फळीवरची इनॅमलची भांडी बघून हे विचारतं. दुसरा प्रश्न असतो, "कमळ आहे म्हणून घेतलीस का गं?" कमळामुळे नाही. पाकळ्यांची ती नक्षी आर्ने क्लाउसेन या डिझायनरची, आणि माझ्या सतरा भांड्यांपैकी फक्त चारांवर आहे. माझा जीव आहे तो आकारांवर, आणि ते ग्रेटे प्रिट्झ किट्टेलसेनचे. सोनारांच्या घराण्यातली ही बाई चांदीवर मीनाकारी करायची. तोच रंग तिने पोलादावर, रोजच्या स्वयंपाकाच्या भांड्यांवर आणला. इथे नॉर्वेतल्याच हाल्डेन गावच्या काथरीनहोल्म कारखान्यात ती भांडी बनायची. 1954 साली मिलानच्या त्रिएनाले या डिझाइनच्या प्रदर्शनात तिला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. सोनाराच्या हातचं देखणेपण साध्या माणसाच्या चुलीवर यावं, हे मला फार मोठं वाटतं.

मग मी ती चुलीवर का चढू देत नव्हते?

आई पहिल्यांदा इथे आली तेव्हाची गोष्ट. मी कामावरून परतले तर घरभर फोडणीचा वास. आईने फळीवरचं नारिंगी पातेलं काढलं होतं. शाळेच्या बँडला पैसे उभे करायला भरलेल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, तासभर रांगेत उभं राहून मिळवलेलं. तेल कडकडीत तापलं होतं, मोहरी तडतडत होती, आणि मी "थांब" म्हणेपर्यंत तिने नळाचं गार पाणी ओतलं. इनॅमल म्हणजे पोलादावर आठशेएक अंशांना वितळवून बसवलेली काच. तापलेलं भांडं एकदम गार झालं की पोलाद आणि काच सारखी आक्रसत नाहीत. टच् असा आवाज झाला. तळाशी नखाएवढा टवका उडाला, खालचं काळं लोखंड दिसायला लागलं.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिणार नाही. काचेचा कण पोटात जायला नको म्हणून सगळी आमटी ओतून दिली. ते बरोबरच होतं, पण मी ती तिच्यासमोर, एक शब्द न बोलता ओतली. पुढचे तीन आठवडे आई पाणी प्यायला साधा पेला घेतानाही विचारायची, "हा घेऊ का?"

पुढच्या खेपेला तिने बॅगेतून स्वतःचं स्टीलचं पातेलं आणलं.

तेव्हाची मी म्हणायचे, हा कारखाना कधीच बंद पडला, गेलेलं पातेलं परत बनणार नाही, जपायला नको का? त्यात खोटं काही नाही. आजही मी ती भांडी डिशवॉशरमध्ये घालू देत नाही, तारेची घासणी लावू देत नाही, आणि त्याबद्दल माफी मागणार नाही. पण जिने ती रोजच्या वापरासाठी घडवली, तिच्यासमोर मला हे म्हणता आलं असतं का?

आता वापरते. वाडग्यांत कोशिंबीर असते, भात पिवळ्या पातेल्यात होतो. टवका उडालेलं नारिंगी पातेलं मात्र रिकामंच फळीवर आहे. विकावंसं वाटत नाही, बघवतही नाही. त्यानंतर आणखी दोन घेतली, हेही खरं.

या उन्हाळ्यात आई आली तेव्हा मी पिवळं पातेलं काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, चहा यातच कर. ती म्हणाली, "नको गं, राहू दे." आणि आधण आपल्या पातेल्यात ठेवलं.