८ ऑक्टोबरला काय उडालं होतं?

ऑक्टोबर उजाडला की सोसायटीत मला हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, "काका, तुम्ही एअर फोर्समध्ये होतात म्हणजे विमान चालवायचात ना?" नाही हो. मी क्लर्क होतो. वीस वर्षांत आधी टाइपरायटर चालवला, मग कॉम्प्युटर. हे ऐकून समोरच्याचा चेहरा जरा पडतो, त्याची मला सवय झाली आहे. दुसरा प्रश्न यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलीने विचारला. तिला शाळेत वायुदल दिनाचं भाषण करायचं होतं. "८ ऑक्टोबर १९३२ ला आपलं पहिलं विमान उडालं का?"

तू विचारलंस म्हणून सांगतो, म्हटलं. त्या दिवशी काहीही उडालं नाही. भारतीय वायुदलाकडे तेव्हा स्वतःचं एक विमानसुद्धा नव्हतं. त्या दिवशी लागू झाला एक कायदा: इंडियन एअर फोर्स अ‍ॅक्ट, १९३२ चा १४ वा. पहिली तुकडी उभी राहिली ती १ एप्रिल १९३३ ला, कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावर, चार वापिती विमानं घेऊन. बाळ लोकांना दिसलं एप्रिलमध्ये, पण जन्मदाखला ऑक्टोबरचा. आपण वाढदिवस दाखल्यावरून करतो.

पोरीला हे फारसं पटलं नाही. विमानांशिवाय वायुदल कसलं? वैमानिकांनाही हे सांगितलं की ते हसतात. पण आयुष्यभर ऑर्डर्ली रूममध्ये, म्हणजे तुकडीच्या कचेरीत बसलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. विमान विकत घेता येतं, माणूस पगारावर ठेवता येतो. पण "जा" म्हटल्यावर त्याने जीव धोक्यात घालून जायचं, आणि नाही गेला तर त्याला शिक्षा करायची, हा अधिकार कुठून आणणार? साध्या नोकरीत माणूस राजीनामा तोंडावर फेकून घरी जातो. फौजेत तसं चालत नाही, कारण मागे कायदा उभा असतो. भारतात रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, आधीपासून होत्या, पण त्यांना लागू होता ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा. नवं दल हिंदुस्थान सरकारचं, त्याचे अधिकारी हिंदी, म्हणजे भारतीय. त्यांच्यासाठी कायदाही वेगळाच करावा लागला.

ब्रिटिशांचं स्वतःचं तरी काय झालं? १९१२ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअर निघाली ती राजाच्या फर्मानाने, लष्कराची एक शाखा म्हणून. नौदलाने आपलं विमानदल वेगळं काढलं. मग महायुद्धात दोघांची इंजिनांसाठी ओढाताण. जून १९१७ मध्ये जर्मन गोथा विमानांनी भरदिवसा लंडनवर बाँब टाकले, १६२ माणसं गेली, आणि लोक खवळले. दक्षिण आफ्रिकेचे जनरल स्मट्स यांच्याकडे विचारणा गेली. त्यांनी ऑगस्टमध्ये सांगून टाकलं, दोन्ही दलं एक करा आणि हवेसाठी स्वतंत्र खातं काढा. नोव्हेंबरच्या २९ तारखेला कायदा झाला आणि १ एप्रिल १९१८ ला रॉयल एअर फोर्स जन्माला आली. इतका मोठा फेरफार, तोही ऐन लढाईत, चार-पाच महिन्यांत! माझ्या नोकरीत एका क्वार्टरच्या दुरुस्तीची फाइल याहून जास्त दिवस फिरलेली आहे.

अमेरिकेचं आणखी मजेशीर. जुलै १९१४ मध्ये तिथल्या काँग्रेसने लष्करात विमानशाखेला कायद्याने जागा दिली, ६० अधिकारी आणि २६० जवान. वैमानिक कोण होणार तेही कायद्यातच लिहिलं: तिशीच्या आतला आणि अविवाहित लेफ्टनंट. मागे रडायला बायको नको, हा हिशेब असणार. तेव्हाची विमानं पाहिलीत तर हिशेब चूक म्हणवत नाही.

आपल्याकडे नियमांचा पहिला उपयोग मात्र दार बंद ठेवायला झाला. राजाचं कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याची सनद, हिंदी माणसाला जवळजवळ मिळतच नसे. महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये चौघांना आत घेतलं: हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरल सेन आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. मलिक यांनी तर इंग्रज घेत नाहीत म्हणून फ्रेंच वायुदलाकडे खटपट चालवली होती. ते कळल्यावर त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकाने इंग्रज जनरलला पत्र लिहिलं, मग दार उघडलं. वेलिणकर जून १९१८ मध्ये गेले. फ्रान्समध्ये त्यांची कबर आहे. वेलिणकरांचं नाव मुंबईत किती जणांना ठाऊक आहे, हे एकदा विचारून बघा.

युद्ध संपलं आणि दार पुन्हा लागलं. १९२५ मध्ये फौजेत हिंदी अधिकारी कसे घ्यावेत हे ठरवायला स्कीन कमिटी बसली. मोतीलाल नेहरू आणि जिना, दोघेही तिच्यात होते. नेहरू पुढे बाहेर पडले. हिंदी मुलांना इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या वायुदल कॉलेजात घ्यावं, ही शिफारस याच कमिटीची. त्यातून १९३० मध्ये सहा जण गेले. पाच वैमानिक झाले. सहावे टंडन, उंचीत कमी पडले म्हणून सामानसुमान सांभाळणारे अधिकारी झाले. आम्हा जमिनीवरच्या मंडळींचे मूळपुरुष! पाचांतले दोघे १९३३ मध्येच विमान कोसळून गेले. एकाचं पुढे एका अपघातानंतर कोर्ट मार्शल झालं. त्याच पाचांतले सुब्रोतो मुखर्जी १९५४ मध्ये वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

कायद्याने जन्म दिला, पण खायला घालायचं सरकारच्या मनात फारसं नव्हतं. पहिली स्क्वाड्रन पूर्ण भरायला १९३८ उजाडलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हाही ती एकुलती एकच होती. दुसरी १९४१ मध्ये पेशावरला निघाली. मधल्या काळात राखीव दल काढून फ्लाइंग क्लबातले हौशी वैमानिक घेतले आणि मुंबई, मद्रास, कराची अशा बंदरांवर समुद्राची राखण करायला बसवले. गरज इंग्रजांच्या गळ्याशी आल्यावरच हात सैल सुटला, हे माझं मत. कुणाला पटो न पटो.

आजचा कायदा १९५० चा. त्याचं कलम ३९ मला अजून झोपेत विचारा. विनापरवाना गैरहजेरी! माझ्या पोस्टिंगवर एक कोकणातला पोरगा होता, नवाच. गणपतीची सुट्टी नाकारली तर स्वारी न सांगता गावी पळाली आणि पाच दिवसांचं विसर्जन करून परतली. चार्ज शीट मीच टाइप केली. मग टोपी आणि बेल्ट काढून त्याला सीओंसमोर, म्हणजे कमांडिंग ऑफिसरसमोर उभं केलं, लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट. सीओंनी विचारलं, काही सांगायचंय? तो म्हणाला, "सर, मूर्ती मीच आणतो दरवर्षी." सीओंनी खाली बघितलं, बराच वेळ कागद वाचल्यासारखं केलं आणि सात दिवस सीसी दिली, म्हणजे कँपच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. बाहेर आल्यावर त्याने खिशातून कागदात बांधलेला मोदक काढून माझ्या टेबलावर ठेवला. पुरावा म्हणून फाइलला लावता येत नव्हता, म्हणून खाल्ला.

त्याच कायद्यात एक कलम खास विमानाचं आहे. विमानात बसलेला माणूस हुद्द्याने कितीही मोठा असो, उड्डाण आणि सुरक्षेच्या बाबतीत कॅप्टनचा हुकूम मोडला तर तो गुन्हा. घोडदळातून आणि जहाजांवरून आलेल्या जुन्या नियमांना हवेत गेल्यावर असं ठिगळ लावावं लागलं.

हे कलम मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. एएन-३२ या मालवाहू विमानाने कुठेतरी जात होतो. समोरच्या बाकावर एक एअर कमोडोर, म्हणजे बडा अधिकारी. विमान हलायला लागलं तरी ते उभेच, कुणाशी तरी बोलत. कॅप्टन होता पंचविशीतला फ्लाइट लेफ्टनंट, हुद्द्याने कितीतरी खालचा. त्याचा निरोप घेऊन लोडमास्टर, म्हणजे विमानातलं सामान आणि माणसं सांभाळणारा, मागे आला, सॅल्यूट ठोकला आणि कानाशी ओरडला, "सर, कॅप्टन म्हणतायत, बसून घ्या, नाहीतर विमान परत नेतो."

एअर कमोडोरसाहेब बसले. पट्टा अडकेना, तर मीच वाकून लावून दिला.