आमची वाटचाल: कंपोस्टच्या डब्याकडून पालापाचोळ्याकडे

आमच्या दरपत्रकात सर्वांत वर कंपोस्टचा डबा नसून बारीक केलेल्या पालापाचोळ्याची पिशवी आहे, याचे नव्या ग्राहकांना नवल वाटते. व्यवसायाची सुरुवात मात्र डबे विकण्यापासूनच झाली.

केंद्र सरकारचे घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ साली आले, त्याच सुमारास आम्ही पुण्यात काम सुरू केले. शहराचा कचरा जिथे टाकला जाई त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी शहरातून येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्याच्या बातम्या पुणेकर त्याआधीपासून वाचत होते, आणि ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनी अनेक भागांत दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगळा मागत असल्यामुळे पुष्कळ घरांत दोन डबे आधीच होते. गांडूळखतासारखा प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना महापालिका करात ५ ते १० टक्के सवलत देते, हेही आमच्या पथ्यावर पडले. वेगळा केलेला ओला कचरा घरातच जिरवावा, एवढे पटवून देणे बाकी होते.

पहिली उत्पादने दोनच होती. केशवनगरच्या कुंभारांकडून घडवून घेतलेली, एकावर एक बसणारी मातीची तीन भांडी, आणि रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून केलेली स्वस्त टोपली. मातीच्या भांड्यांची कल्पना बंगळुरूत आधीच रुजलेली होती; तिचे श्रेय आम्ही घेत नाही. भाजलेली माती जास्तीचा ओलावा शोषून बाहेर सोडते, हा तिचा मोठा गुण. वाहतुकीत ती फुटते, हा दोष. त्यामुळे शहराबाहेर भांडी पाठवणे आम्ही लवकरच बंद केले.

विक्रीनंतर येणाऱ्या फोनांवरून व्यवसायाची दिशा बदलली. वास येतो, खालून पाणी गळते, अळ्या झाल्या, या तीनच तक्रारी पुन्हा पुन्हा येत, आणि घरी जाऊन पाहिले तर बहुतेक वेळा डबा ठीक असे, पण त्यात ओल्या कचऱ्यावर ओला कचरा पडत गेलेला असे. भाजीची देठे, फळांच्या साली आणि खरकटे यांत सत्तर-ऐंशी टक्के पाणी असते. कुजवणाऱ्या जिवाणूंना ओलावा लागतोच, पण सुमारे पन्नास ते साठ टक्केच. त्याहून जास्त झाला की कणांमधल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरते, प्राणवायूवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि त्याशिवाय जगणारे वाढून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. शिवाय जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पंचवीस ते तीस भाग हवे असतात आणि स्वयंपाकघरातला कचरा एकटा या प्रमाणापर्यंत पोहोचत नाही. उरलेले नत्र अमोनिया होऊन उडून जाते, तो तिखट वास वेगळा. या दोन्ही गोष्टींवर उपाय एकच आहे: प्रत्येक वेळी ओल्या कचऱ्याइतकाच, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट, कोरडा तपकिरी भर, म्हणजे वाळलेली पाने किंवा लाकडाचा भुसा असे कर्ब देणारे सामान, घालणे. अळ्यांबद्दल एवढेच सांगतो की मोठ्या, राखाडी-तपकिरी अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा आमच्या कोणत्याही पावडरीपेक्षा लवकर फस्त करतात. पण हे शास्त्र ऐकून गृहिणीची किळस कमी होत नाही, म्हणून वर भुशाचा जाड थर आणि डब्याच्या तोंडाला बारीक जाळी, हेच उत्तर आम्ही देतो.

एखादे घर डबा आयुष्यात एकदाच विकत घेते, तपकिरी भर मात्र दर महिन्याला लागतो, हे व्यापारी गणितही आम्ही लपवून ठेवत नाही. अडचण होती ती चांगला भर मिळवण्याची. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात लाकडाचा भुसा भरपूर मिळतो, पण प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेल्या फळ्या) कापलेल्या भुशात डिंकाची रसायने असतात, म्हणून आम्ही फक्त अख्खे लाकूड चिरणाऱ्या गिरणीचा आणि तोही जाडसर भुसा घेतो. पिठासारखा भुसा ओला झाला की थापला जातो. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या, दाबून केलेल्या विटा दक्षिणेतून येतात. कोकोपीट पाणी उत्तम धरते, परंतु वीट फोडून, भिजवून, पुन्हा वाळवण्याची मजुरी सोसत नाही आणि ते स्वतः फार सावकाश कुजते. शेवटी जे आम्हांला सर्वांत जास्त पटले ते आपल्याच रस्त्यांवर पडलेले होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातली झाडे पाने गाळतात आणि बंदी असूनही ती कोपऱ्यात पेटवली जातात. ही पाने सोसायट्यांकडून घेऊन, वाळवून, यंत्रात बारीक करून आम्ही वर्षभर पुरवतो. वर्षावृक्षाची नाजूक पाने लगेच कुजतात. आंबा, फणस आणि वडाची चिवट पाने बारीक केल्याशिवाय महिनोन्‌महिने तशीच राहतात, म्हणून मिश्रण ठरवताना कोणत्या सोसायटीत कोणती झाडे आहेत, हे पाहावे लागते.

मधल्या काळात विजेवर चालणाऱ्या घरगुती यंत्राची एजन्सी आम्हांला देऊ करण्यात आली होती. ते यंत्र कचरा तापवून, वाळवून काही तासांत त्याची पूड करते. दिसायला ती खतासारखी असते, पण कुजण्याची क्रिया झालेलीच नसल्याने कुंडीत घालून पाणी दिले की ती तिथे सडू लागते. आम्ही नकार दिला. जागेची आणि वेळेची निकड असलेल्यांनी कचऱ्याचे आकारमान कमी करण्यासाठी ते जरूर वापरावे, फक्त त्याला खत म्हणू नये.

आज नवीन ग्राहकाला आम्ही आधी घरातला रंगाचा जुना डबा शोधायला सांगतो. तळाशी आणि बाजूंना भोके, खाली ताटली, तळात चार बोटे जाड पाने, त्यावर जुन्या कंपोस्टची एक-दोन मुठी विरजण म्हणून, आणि मग रोजचा कचरा सुरीने बारीक करून भरासोबत, एवढी तयारी पुरते. विरजण नसल्यास आंबट ताकात थोडा गूळ कालवून शिंपडले तरी चालते. विकतच्या पावडरीचा आग्रह आम्ही धरत नाही. आठवड्यातून दोनदा खालीवर हलवावे आणि मूठभर मिश्रण आवळून पाहावे: बोटांतून एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर भर घालावा, मूठ उघडताच सारे विखुरले तर पाणी शिंपडावे. वर पांढरी बुरशी दिसल्यास घाबरू नये, ती कामाची आहे. मटण-मासळीची हाडे, आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या सुरुवातीला तरी टाळाव्यात. निर्माल्य चालते, हाराचा दोरा आणि तार मात्र काढावी. डबा भरल्यावर दीड-दोन महिने राहू द्यावा, चाळावे, आणि चाळणीवर उरलेले जाडेभरडे पुढच्या डब्याच्या तळाशी घालावे.

यंदाच्या पानगळीसाठी सोसायट्यांशी बोलणी सुरू आहेत. वाळलेल्या पानांची पोती भरून ठेवल्यास आम्ही आमची गाडी पाठवतो आणि त्या बदल्यात बागेसाठी चाळलेले खत देतो. मात्र पोत्यात प्लास्टिक, काच किंवा मांजा निघाला तर ते पोते परत केले जाते.