एआय आणि सोसायटीचे इतिवृत्त

चॅटजीपीटी हे सांगू ते लिहून देणारे एआय साधन ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून अशा साधनांच्या नव्या नावांची जी रीघ लागली आहे ती अजून थांबलेली नाही. गूगलचे ‘बार्ड’ तोंडात बसते न बसते तोच फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे ‘जेमिनी’ झाले. व्हॉट्सॲपवर रोज कोणीतरी अशा साधनांची यादी आणि सोबत ‘ही साधने शिकला नाहीत तर मागे पडाल’ असा इशारा पुढे पाठवत असतो. पाठवणाऱ्याने स्वतः त्यांतले काय आणि कशासाठी वापरले, याचा उल्लेख त्यात सहसा नसतो. या याद्या वाचून छाती दडपते, हे खरे. म्हणून मी त्या वाचणे सोडले आणि माझ्या हातातल्या कामांपैकी कोणते काम अशा एखाद्या साधनाला सांगता येईल एवढेच पाहिले.

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव आहे. सभेत घाईघाईने टिपलेले अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी मुद्दे नीट क्रमाने लावून इतिवृत्ताचा मसुदा तयार करणे हे काम मी आधी निवडले, कारण सभेला मी स्वतः हजर असतो आणि मसुद्यात काय चुकले ते वाचताक्षणी मला कळते. भाषा बहुधा बरी असते. मात्र दोन सदस्यांनी विरोध नोंदवलेला ठरावही ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून येऊ शकतो आणि टिपणात ठराव मांडणाऱ्या सूचकाचे नाव नसेल तर एखादे नाव तेथे बसवले जाऊ शकते. यात लबाडी नाही. आधीच्या मजकुरापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे अजमावत हे साधन लिहिते आणि इतिवृत्तांमध्ये ‘मंजूर’च्या आधी ‘सर्वानुमते’ येण्याची सवय तर आपणच त्याला लावलेली आहे.

हीच गोष्ट कायद्याच्या बाबतीत अधिक महागात पडू शकते. थकबाकी वसुलीसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम १०१ वर्षानुवर्षे सर्वांच्या परिचयाचे होते. २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण तेरा-ब आले आणि ही तरतूद कलम १५४ब-२९ मध्ये गेली. जुन्या कलमावर लिहिला गेलेला मजकूर अर्थातच मुबलक आहे, त्यामुळे जुने कलम नव्याच्या थाटात पुढे येण्याची शक्यता नेहमी राहते, आणि दोन्ही उत्तरांतला आत्मविश्वास अगदी सारखाच असतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. कायदा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांची ही गत, तर मानद सचिवाने कलमाचा क्रमांक अधिनियमाच्या अद्ययावत प्रतीतूनच घ्यावा, हे वेगळे सांगायला नको. वसुलीच्या पत्राची सौम्य आणि ठाम भाषा मात्र मी साधनाकडून खुशाल लिहून घेतो. तेथे ते माझ्यापेक्षा संयमी आहे.

थकबाकीदारांची नावे, सदनिका क्रमांक, नामनिर्देशनाचा तपशील यांतले काहीही मी त्यात टाकत नाही. ‘सदस्य अ’, ‘सदस्य ब’ एवढ्यावर भागते आणि खरी नावे अंतिम प्रतीत हाताने भरायला फारसा वेळ लागत नाही.

चित्रे काढणारी, चित्रफिती बनवणारी, आपल्या वतीने परस्पर कामे उरकणारी साधने मी उघडूनही पाहिलेली नाहीत. आमच्या संस्थेला त्यांची गरज भासलेली नाही. उद्या भासली तर तोपर्यंत ती बहुधा अधिक सोपी झालेली असतील, कदाचित त्यांची नावेही बदललेली असतील.

सध्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची आहे. तिच्या सूचनेचा मसुदा साधनाने केला असला तरी सभेपूर्वीचे पूर्ण १४ दिवस मी दिनदर्शिकेवर बोट ठेवूनच मोजणार आहे. कपाटातल्या हस्तलिखित इतिवृत्त-वह्यांची छायाचित्रे घेऊन त्यांतला मजकूर टंकलिखित करून मिळतो का, हे पाहण्याची उत्सुकता आहे. पण ते दिवाळीनंतर, हिशेब तपासनीसाच्या शंका निस्तरल्यावर.